बारा विधर्मी आणि खिळी

खिळेमामांनी एकेचाळीस वर्षं मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवले, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकच चूक छापून गेली. तीसुद्धा त्यांनी पूर्ण शुद्धीवर असताना, दाराला आतून कडी लावून केली. बाकी माणूस असा, की प्रूफ तपासणाऱ्याची लाल पेन्सिल त्यांच्या पानांवर झिजतच नसे. तपासणारा, म्हणजे आमचे चष्मेकाका, कुरकुरायचे, ‘‘मामा, एखादी तरी चूक ठेवा हो. नाहीतर मला घरी बसवतील.’’

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लाकडी केसमध्ये दीड-दोनशे खण, प्रत्येक खणात एकेक अक्षर. जुळवणाऱ्याने समोर कागद ठेवायचा, न बघता खणात हात घालायचा आणि ओळीमागून ओळ उभी करायची. अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी. कागदावर उमटली की सुलटी होतात. या कामात एक गोम आहे, ती आधीच सांगून ठेवतो. चांगला जुळवणारा वाचत नाही. त्याचा डोळा अक्षर बघतो, हात अक्षर उचलतो, अर्थाकडे कुणी बघत बसलं तर दिवसाला चार पानंही व्हायची नाहीत. मामा दिवसाला दहा करायचे. कशाबद्दल आहे असं विचारलं तर म्हणायचे, ‘‘मला काय ठाऊक? मी फक्त जुळवलं.’’

मामा स्वतः ख्रिस्ती नव्हते. मिशनला त्याचं काही नव्हतं, हात स्वच्छ चालतो ना, झालं. छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे, बायको आणि मुलगी अशी तिघं. सकाळी छापखान्याचं कुलूप काढणं आणि संध्याकाळी लावणं हे त्यांच्याकडे.

आता त्या शब्दाचं सांगतो. मिशनची जी पुस्तकं निघत, पत्रकं निघत, वर्षाचा अहवाल निघे, त्यांत एक शब्द पानोपानी यायचा. विधर्मी. जे ख्रिस्ती नाहीत ते सगळे विधर्मी. आधीच्या पाद्रीसाहेबांच्या काळात ‘मूर्तिपूजक’ म्हणत, पण कितीतरी घरांत मूर्तीच नव्हत्या, मग ते बरोबर दिसेना. ‘अविश्वासी’ म्हणून पाहिलं, तर लोक कशा ना कशावर विश्वास ठेवतच होते, उलट जरा जास्तच. शेवटी विधर्मी ठरला. विधर्मी रोगी, विधर्मी वस्ती, विधर्म्यांसाठी प्रार्थना. दर वेळी चार-पाच खिळे कोण उचलत बसणार? मामांनी छापखान्यातली जुनी युक्ती केली. तो अख्खा शब्द एकदाच जुळवला, दोऱ्याने बांधला आणि पत्र्याच्या डबीत ठेवला. कागदावर शब्द दिसला की डबीतून काढायचा आणि ओळीत बसवायचा. छपाई झाली की पुन्हा बांधून डबीत. डबीत असे पाच-सहा शब्द होते, पण सगळ्यांत झिजलेला हाच.

मुलीला सगळे खिळी म्हणायचे. खिळेमामांची म्हणून खिळी, आणि अंगानेही तेवढीच. जुळवणीच्या खोलीत खिडकीला रुंद कट्टा होता, ती तिथे पाय वर घेऊन बसायची. वय वर्षं सहा. शाळेत त्या वर्षी घालायची होती. अक्षरं ती खिळ्यांवरूनच शिकली, त्यामुळे उलटी शिकली. पाटीवर लिहायची ते आरशासमोर धरून वाचावं लागे. त्यात डावखुरी. आई डोक्याला हात लावायची, ‘‘शाळेत गेल्यावर मास्तर मलाच उलटं टांगतील.’’ खिळी म्हणायची, ‘‘मी बरोबरच लिहिते, कागद उलटा आहे.’’

एका दुपारी त्या शब्दाचा दोरा तुटला. मामा नवा दोरा शोधत होते तोवर खिळीने आपल्या वेणीच्या फितीतला लाल धागा उसवून त्याला गुंडाळलासुद्धा. डाव्या हाताने, म्हणजे मामा गुंडाळायचे त्याच्या उलट्या बाजूने, आणि टोक खाली खोचलेलं.

‘‘बाबा, हा कोणता शब्द?’’

‘‘विधर्मी.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे बाहेरचे.’’

‘‘कशाच्या बाहेरचे?’’

‘‘चर्चच्या.’’

‘‘आपण?’’

‘‘आपणही.’’

‘‘छे,’’ खिळी म्हणाली, ‘‘मी काल आत जाऊन आले. बाकावर बसले, कुणी काही बोललं नाही.’’ मग तिने शब्द तळहातावर उभा केला आणि म्हणाली, ‘‘यापेक्षा माझं नाव बांधून ठेवा ना डबीत. आणि छापा पण. एका कागदावर, मोठ्ठं.’’

मामा कामात होते. म्हणाले, ‘‘अहवालाचं काम संपू दे, मग छापू.’’

अहवालाचं काम सुरू व्हायच्या आतच तापाची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली. खिळी तीन दिवस मिशनच्या दवाखान्यात होती, आणि चौथ्या दिवशी सकाळी गेली. मिशनच्या दफनभूमीला कुंपण होतं. कुंपणाच्या आत ख्रिस्ती, त्यांना दगड आणि दगडावर नाव. साथीत गेलेल्या बाकीच्यांना कुंपणापलीकडच्या पट्टीत पुरलं, घाईघाईने, आणि प्रत्येकाच्या उशाशी आकडा घातलेली खुंटी. खिळीच्या खुंटीवर नऊ होता. शाळेत नाव घातलं नव्हतं, म्हणजे शाळेच्या हजेरीत नाही. दवाखान्याच्या यादीत खाटेचा आकडा, आजार आणि धर्म, एवढंच लिहीत. सांगायचं काय, तर सहा वर्षं नांदलेल्या त्या पोरीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

मामा पाचव्या दिवशी कामावर आले. लोकांनी म्हटलं, अहो थोडे दिवस थांबा. मामा म्हणाले, ‘‘घरात थांबून काय करू?’’ खिडकीकडे पाठ करून ते केससमोर उभे राहिले.

महिन्याभराने अहवाल आला. पाद्रीसाहेबांच्या बारीक अक्षरातले चाळीस कागद. मामांनी नेहमीसारखं भराभर जुळवलं. मग प्रूफ निघालं आणि ते ताडून पाहायला चष्मेकाका आणि मामा समोरासमोर बसले. पद्धत अशी, की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट फिरवायचं. त्या दिवशी वाचायची पाळी मामांची होती.

‘‘साथीच्या काळात आपल्या दवाखान्यात सतरा मृत्यू झाले,’’ मामा वाचत होते, ‘‘त्यांत चार आपले, तेरा विधर्मी.’’

ते थांबले.

‘‘पुढे?’’ चष्मेकाका म्हणाले.

मामा पुढे वाचेनात. बोटांवर काहीतरी मोजू लागले, मग मोजायचं सोडून हाताकडेच बघत बसले. चष्मेकाकांनी चष्मा काढला. त्यांनाही कळलं, त्या तेरा जणांत कोण आहे ते.

‘‘मीच जुळवलं हो,’’ मामा म्हणाले. ‘‘डबी उघडली, शब्द काढला, बसवला. तिनेच बांधलेला दोरा मी याच बोटांनी सोडला. आणि मला कळलंसुद्धा नाही.’’

चष्मेकाका स्वतः ख्रिस्ती झालेले होते, विसाव्या वर्षी, स्वतःच्या मर्जीने. त्यांनी प्रूफ बाजूला सरकवलं. मग म्हणाले, ‘‘मामा, हा शब्द मलाही लागलाय. मी चर्चमध्ये गेलो त्या दिवशी माझ्या बापाने दार लावून घेतलं. आतून म्हणाला, या घरात विधर्म्याला जागा नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा, हातात बायबल. इथे आलो तर इथे माझ्या बापाला विधर्मी म्हणत. मी रोज तपासतो तो शब्द, वेलांटी बरोबर आहे ना एवढंच बघतो. दुसरं काही बघायला गेलो तर मला कामच करता यायचं नाही.’’

अहवाल तपासून झाला, पाद्रीसाहेबांची सही झाली. सही झाली की कुणी एक कानामात्रा हलवायची नाही, हा छापखान्याचा कायदा. त्यात हात घातला तर नोकरी गेली, आणि मामांच्या बाबतीत नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जुळवणीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. खिडकीच्या कट्ट्यावर, खिळी बसायची नेमक्या त्या जागी, तो शब्द उभा होता.

आता आपण सगळे शहाणे लोक. मामांनीही आधी शहाण्यासारखाच विचार केला. अहवालातला शब्द तर फर्म्यात अडकलेला, लोखंडी चौकटीत आवळलेला. त्यांनी जाऊन पाहिलं, तो जागच्या जागी होता. मग हा कुठला? कुणीतरी थट्टा केली असणार. पण मेलेल्या पोरीवरून थट्टा करणारं कोण होतं तिथे? त्यांनी शब्द उचलला. लाल धागा होता, उलट्या बाजूने गुंडाळलेला, टोक खाली खोचलेलं. त्यांनी धागा सोडला, एकेक खिळा आपापल्या खणात टाकला आणि धागा खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी शब्द पुन्हा कट्ट्यावर. खिशात हात घातला तर धागा खिशात नव्हता.

चौथ्या दिवशी त्यांनी शब्द घरी नेला आणि बायकोसमोर ठेवला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण धागा ओळखायला अक्षर कशाला लागतं? पोर गेल्यापासून ती रडली नव्हती. लोक तिच्यामागे कुजबुजत, दगड आहे म्हणून. ती धागा बघत राहिली, मग शब्द उचलून पदराच्या टोकात घेतला आणि खाली बसून रडली, चूल विझेपर्यंत. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, ‘‘तिला काय हवंय?’’

‘‘मला काय माहीत?’’

‘‘अहो, बाप ना तुम्ही तिचे? तिने तुमच्याकडे कधी काही मागितलं होतं का?’’

मामांना एकदम आठवलं. एका कागदावर, मोठ्ठं. खिळीने जन्मभरात एवढंच मागितलं होतं, आणि ते त्यांनी पुढे ढकललं होतं. कागद काय, चिंधीएवढा पुरला असता. ते जमिनीवर हात आपटून म्हणाले, ‘‘एका मिनिटाचं काम होतं गं. एका मिनिटाचं.’’

‘‘मग आता करा,’’ बायको म्हणाली.

‘‘आता एका कागदावर छापून कुणाला दाखवू? तिकडे पाचशे प्रतींत तिला तेरावी विधर्मी म्हणून छापणार आहेत. तिथेच जायला हवं तिचं नाव.’’

‘‘घर जाईल.’’

‘‘जाईल.’’

ती उठली, चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, ‘‘दोनच तर खोल्या आहेत.’’

दुसऱ्या दिवशी मामा तासभर लवकर गेले. आतून कडी लावली. फर्मा दगडावर ठेवला, चौकट ढिली केली. नशिबाने ती ओळ परिच्छेदाची शेवटची होती, पुढे जागा मोकळी होती. ‘तेरा’ काढून त्यांनी ‘बारा’ बसवलं. ‘विधर्मी’ तसाच राहू दिला आणि त्याच्यापुढे दोन शब्द घातले. हे करताना, आयुष्यात पहिल्यांदा, ते जुळवत होते ते वाचत होते. मग चौकट आवळली, कडी काढली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

छपाई सुरू झाली. पहिला कागद नेहमीप्रमाणे चष्मेकाकांकडे गेला. त्यांनी बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर आणलं. ओळ अशी होती: ‘सतरा मृत्यू झाले, त्यांत चार आपले, बारा विधर्मी आणि खिळी.’ बोट तिथे राहिलं. यंत्रावरचा माणूस ओरडला, ‘‘काय काका, चालू द्यायचं ना?’’

चष्मेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘चालू दे,’’ ते म्हणाले. ‘‘मला आज जरा कमी दिसतंय.’’

पाचशे प्रती छापून, शिवून तयार झाल्या. चौथ्या दिवशी पाद्रीसाहेबांनी मामांना बोलावलं. बायकोने तोवर भांडी पोत्यात भरून ठेवली होती.

पाद्रीसाहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. साथीत ते स्वतः रोग्यांच्या उशाशी बसले होते. त्यांच्यासमोर अहवाल उघडा होता.

‘‘मामा, ही ओळ काय आहे?’’

‘‘ओळ बरोबर आहे साहेब. चार, बारा आणि एक. सतरा होतात.’’

‘‘खिळी म्हणजे काय?’’

‘‘माझी मुलगी.’’

पाद्रीसाहेबांनी मान वर केली. त्यांना ती खिडकीतली पोर माहीत होती. एकदा त्यांनी तिला पेन्सिल दिली होती आणि तिने त्यांचं नाव उलटं लिहून दाखवलं होतं. ‘‘ती यांत होती?’’ ते हळूच म्हणाले. ‘‘मला दवाखान्यातून नुसता आकडा आला होता.’’

‘‘मलाही आकडाच आला साहेब. मी जुळवला.’’

‘‘हे बघा, मामा,’’ पाद्रीसाहेब म्हणाले, ‘‘हा शब्द आम्ही शिवी म्हणून वापरत नाही. ज्या घरात अजून दिवा पोहोचला नाही, ते घर. एवढाच अर्थ आहे. त्यात माया आहे.’’

मामा आजवर साहेबांना उलटून बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले. ‘‘दिवा घेऊनच आला होतात ना साहेब? मग त्या उजेडात नाव तरी विचारायचं होतंत.’’

पाद्रीसाहेबांनी अहवाल मिटला. नोकरीचं ते काही बोलले नाहीत, मामाही थांबले नाहीत. दुपारी निरोप आला, की अहवाल आहे तसा पाठवा, आणि वरच्या लोकांनी विचारलं तर छपाईची चूक आहे म्हणून सांगा. चष्मेकाका म्हणाले, ‘‘बघा, शेवटी बिल माझ्याच नावावर फाटलं.’’ आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसले.

संध्याकाळी मामा एक प्रत घेऊन घरी गेले. बायकोने पोतं रिकामं केलं होतं. ती समोर बसली. मामांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. शेवटचा शब्द आला तेव्हा तिने त्या जागेवरून हात फिरवला. शिशाच्या दाबाने कागदाला मागून उठाव आला होता, तो तिने बोटाने चाचपला. मग म्हणाली, ‘‘पुन्हा वाचा.’’

मामांनी पुन्हा वाचलं.

‘‘आणि हे बाकीचे बारा कोण?’’

मामांनी प्रत मिटली.

दुसऱ्या दिवशी ते जवळजवळ धावतच छापखान्यात गेले. कट्टा रिकामा असेल अशी खात्री होती त्यांना. शब्द तिथेच उभा होता. लाल धागा, टोक खाली खोचलेलं. मामा कट्ट्यापाशी गेले. ‘‘आता काय हवंय गं तुला?’’ ते मोठ्याने म्हणाले. ‘‘छापलं ना तुझं नाव?’’ खोलीत कुणी नव्हतं. शिशाचा आणि शाईचा वास होता, आणि केसच्या खणांत एकदा कुणीतरी बोट फिरवल्यासारखा खुळखुळ आवाज झाला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

‘‘ती काय तिकडे एकटी आहे का?’’ ती म्हणाली. ‘‘एका रांगेत तेरा जण आहेत. तुम्ही तिचं एकटीचं नाव सांगितलंत. तिच्या उशाला कोण, पायथ्याला कोण, तिला काय कळणार? लहान पोर आहे हो. हाक काय मारायची तिने त्यांना?’’

यापुढचं खिळेमामांचं आयुष्य म्हणजे त्या बारा जणांचं आयुष्य. पाद्रीसाहेबांनी दवाखान्याची यादी बघू दिली, पण यादीत काय? खाट चार, ताप, विधर्मी. खाट अकरा, ताप, विधर्मी. मामा दर सुट्टीच्या दिवशी वहाणा घालून निघत. साथीत तुमच्या घरातलं कुणी गेलं का, असं दारोदार विचारत. कुणी दार लावून घेई, कुणाला वाटे हा मिशनचा माणूस आता मेलेल्यांनाही बाटवायला आला. मुलगा गेलेल्या एका म्हाताऱ्याने कुत्र्याला नावाने हाक मारून त्यांच्या अंगावर सोडलं. मामा त्याला लांबूनच म्हणाले, ‘‘कुत्र्याचं नाव सांगितलंत, तसं मुलाचं सांगा.’’ म्हाताऱ्याने कुत्र्याला बोलावून घेतलं आणि पायरीवर बसून रडत रडत मुलाचं नाव सांगितलं.

असं एकेक सापडत गेलं. पाणी भरणारी म्हातारी. शिंप्याचा धाकटा भाऊ. लंगडा पहारेकरी, ज्याला नाव होतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं. जुळ्या बहिणींतली मोठी. धाकटीने स्वतःच्या नावाआधी तिचं सांगितलं. साबण विकणारा, त्याच्या नावावर त्याच्या दोन बायकांत एकमत होईना, तर मामांनी दोन्ही जुळवली. नाव मिळालं की मामा ते खिळ्यांत उभं करत, पांढऱ्या दोऱ्याने बांधत, आपल्या नेहमीच्या हाताने, आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी कट्ट्यावर ठेवून एकदा मोठ्याने वाचत. सकाळी ते नाव डबीत असे. दोरा तोच, पण गुंडाळलेला उलट्या बाजूने.

तो शब्द मात्र रोज कट्ट्यावर असायचाच. मामा म्हणायचे, ‘‘अजून सगळे झाले नाहीत, म्हणून.’’ भीती अशी त्यांना वाटेनाशी झाली होती. तरी रोज सकाळी कुलूप काढल्यावर कट्टा बघितल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत.

मधल्या काळात पाद्रीसाहेब बदलले. नव्यांनी अहवालातून विधर्मी काढून टाकला आणि ‘इतर’ असं लिहायला लागले. चष्मेकाका म्हणाले, ‘‘प्रगती झाली. आता दोन खिळे वाचले.’’ मामांनी ‘इतर’ बांधून ठेवला नाही. दर वेळी खिळा खिळा उचलून जुळवला, आणि त्यामुळे त्यांचा वेग मंदावला. कुणी विचारलं तर म्हणत, ‘‘हल्ली मी वाचतो.’’

चौतीस वर्षांत अकरा नावं झाली. बारावं होईना. खाट सतरा. रस्त्यावर पडलेला माणूस, कुणीतरी हातगाडीवर घालून आणून सोडलेला, दुसऱ्या दिवशी गेला. कुठला, कोण, काही नाही. हातगाडीवाला मेला, तेव्हाची नर्स परदेशी गेली, तिला चष्मेकाकांकडून पत्र लिहवून घेतलं तर उत्तर आलं, एवढंच आठवतं की तो कुणालातरी हाका मारत होता. मामांनी त्याच्यासाठी कोरे खिळे बांधले. शब्दांमध्ये जागा सोडायला वापरतात ते, छपाईत उमटतच नाहीत. एका नावाएवढे कोरे खिळे, पांढऱ्या दोऱ्याने बांधून डबीत.

छापखान्याने शिशाचं काम बंद केलं तेव्हा मामांना निरोप दिला. खोल्या मिशनने राहू दिल्या. डबी मामांनी घरी नेली, आणि शब्द घरच्या खिडकीत उभा राहू लागला. बायको सकाळी खिडकी उघडताना त्याला बाजूला सरकवायची, ‘‘सर गं जरा,’’ म्हणायची.

शेवटची दोन वर्षं मामांचे हात कापायला लागले. पाण्याचा पेलाही बायको धरायची. खिळा उचलणं तर लांबच राहिलं. मग त्याच दवाखान्यात खाट मिळाली. लिहायला आलेल्या मुलीने वही उघडली आणि विचारलं, ‘‘आजोबा, नाव?’’ मामांना इतकं हसू आलं की खोकला लागला. त्यांनी नाव सांगितलं, तिने लिहिलेलं दाखवायला लावलं, आणि वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करून घेतली.

जायच्या दिवशी दुपारी चष्मेकाका भेटायला आले होते, काठी टेकत. डोळे तर त्यांचेही आता भिंगाशिवाय चालत नव्हते. मामा म्हणाले, ‘‘काका, एकच राहिला.’’

‘‘राहू दे आता.’’

‘‘राहू कसा देईन? आता मीच जाऊन विचारतो त्याला.’’

मामा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बायकोने सकाळी खिडकी उघडली. खिडकीत काही नव्हतं. तिने खाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग डबी काढली. झाकण उघडलं तर तो शब्द सुटा पडला होता, खिळे वेगवेगळे, आणि लाल धागा त्यांत नव्हता. धागा दुसऱ्याच गठ्ठ्याला होता. पांढऱ्या दोऱ्याच्या कोऱ्या गठ्ठ्याच्या जागी लाल धाग्याचा गठ्ठा होता, उलट्या बाजूने गुंडाळलेला, टोक खाली खोचलेलं. तिने अंगठा फिरवला. वरची बाजू गुळगुळीत नव्हती.

ती तशीच डबी घेऊन चष्मेकाकांच्या घरी गेली. त्यांनी गठ्ठा भिंगाखाली धरला, मग बोटाला शाई लावून त्यावर फिरवली आणि तो एका कागदाच्या कपट्यावर दाबला. कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यांचे ओठ हलले.

‘‘काय आहे?’’ ती म्हणाली.

‘‘नाव आहे. माणसाचं.’’

‘‘त्यांच्या हातचं?’’

‘‘त्यांचा हात दोन वर्षं उठत नव्हता, वहिनी.’’

‘‘वाचा.’’

चष्मेकाकांनी वाचलं. तिने ते दोनदा आपल्याशी म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून. मग डबी पदराखाली घेतली, कुंपणापलीकडच्या पट्टीकडे गेली, आणि नऊ आकड्याच्या खुंटीपाशी खाली बसून ते नाव मोठ्याने सांगितलं.

‘‘ऐकलंस ना गं?’’ ती म्हणाली. ‘‘आता मार हाक.’’